एका फाइलमधली सगळी लग्नं

“फुकट भेटते म्हणता, मंग ते चांगलं कसं असन ताई?” गजाननभाऊंनी माझ्या हातातल्या पेनड्राइव्हकडे संशयानं पाहिलं.

“अन् तुमच्या मशीनवर आता जे आहे, ते कुठून इकत आणलं होतं?” मी विचारलं.

भाऊंच्या कॉम्प्युटरवरची विंडोज चोरीची कॉपी होती. पत्रिका बनवायचं डिझाइनचं सॉफ्टवेअरही कोणाच्या तरी मित्राच्या मित्राकडून आलेलं. त्या मानानं माझा पेनड्राइव्ह फारच सोज्वळ होता.

चिखलीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. बाईच्या हातात स्क्रूड्रायव्हर पाहिला की नवीन गिऱ्हाईक आधी विचारतं, “तुमचे मिस्टर कुठं आहेत?” मिस्टर शाळेत ड्रॉइंग शिकवतात आणि त्यांना घरातला फ्यूजसुद्धा बदलता येत नाही. गजाननभाऊ मात्र जुने गिऱ्हाईक. अमडापूरला त्यांचा छोटा प्रेस आहे. नाव प्रेस असलं तरी मुख्य काम लग्नपत्रिकांचं. चित्र छापलेली कोरी पत्रिका बाजारात तयार मिळते. गिऱ्हाईक आपल्या पसंतीची घेऊन येतं आणि भाऊ तिच्यावर मजकूर छापून देतात. तो मजकूर कॉम्प्युटरवर जुळवते वैशाली. ती लग्न करून अमडापुरात आलेली, पलीकडच्याच गल्लीत राहणारी, आणि प्रेसचा सगळा डोलारा खरं तर तिच्या दहा बोटांवर उभा आहे.

त्या दिवशी सकाळीच भाऊंचा फोन आला होता. “ताई, मशीन चालूच नाही होऊन राह्यली. सर कधीचे बसून आहेत. तुम्ही अश्शा या.”

मी स्कूटी काढली. जाऊन पाहते तर इंगळे सर स्टुलावर ताठ बसलेले, मांडीवर कोऱ्या पत्रिकांची पिशवी. जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले. धाकट्या मुलीचं, प्रज्ञाचं लग्न तोंडावर आलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सरांचे भाऊ आणि पुतणे जीप करून मेहकर-वाशीमकडे पत्रिका वाटायला निघणार होते. त्यामुळे पत्रिका आजच छापून व्हायला हव्या होत्या.

मशीनचा आजार नेहमीचाच होता. लग्नसराईत जो तो आपला पेनड्राइव्ह, आपला मोबाईल घेऊन येतो आणि कॉम्प्युटरला जोडतो. कोणाच्या तरी पेनड्राइव्हच्या पोटातून व्हायरस आला होता. बटण दाबलं की मशीन सुरू व्हायची, निळी पडायची, बंद व्हायची आणि पुन्हा सुरू व्हायची. डिस्क म्हणजे कॉम्प्युटरचं कपाट. सगळ्या फायली तिथं. ते कपाट शाबूत होतं, पण दार उघडणारा चौकीदारच आजारी पडला होता. या चौकीदाराला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. बटण दाबल्यापासून कीबोर्ड, स्क्रीन, प्रिंटर, फायली असा सगळा कारभार तोच बघतो.

“फॉरमॅट मारून द्या ना,” भाऊ म्हणाले.

“मारते. कपाट रिकामं होईल. फायलींचा बॅकअप कुठाय?”

“बॅकअप म्हणजे?”

बॅकअप म्हणजे आपल्या कामाची दुसरी प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवणं. प्रेसमध्ये ती भानगडच नव्हती. वैशालीनं हळूच मान खाली घातली. सरांची पत्रिका तिनं आदल्या दिवशीच जुळवून ठेवली होती. ती त्याच डिस्कवर होती.

आता मला खरं सांगायला हरकत नाही. त्या क्षणी मला इतका आनंद झाला की तो चेहऱ्यावर दिसू नये म्हणून मी मशीनच्या मागच्या वायरी तपासायला वाकले. लिनक्सचा पेनड्राइव्ह मी कितीतरी वर्षं पर्समध्ये घेऊन फिरत होते. ज्याला त्याला सांगत होते. लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम आहे, तिचा आतला कारभार उघडा आहे, ज्याला कळतं त्यानं बघावा, सुधारावा, दुसऱ्याला द्यावा. लोक ऐकून घेत आणि म्हणत, “बरं ताई, विंडोजच टाका.” आज पहिल्यांदा कोणाचं तरी तिच्यावाचून अडलं होतं!

“भाऊ, मी डिस्कला हातच लावत नाही,” मी म्हणाले. “या पेनड्राइव्हमध्ये अख्खी सिस्टीम आहे. मशीन हिच्यावर चालू होईल. तुमच्या कपाटाला दुसरा चौकीदार.”

“अन् बिघडलं तं?”

“पेनड्राइव्ह काढायचा. मशीन होती तशी.”

“होती तशी म्हणजे बंदच ना.”

“हाव. मंग तुमचं जाते काय?”

सर पहिल्यांदा हसले. “लावू द्या हो गजाननभाऊ.”

पेनड्राइव्ह लावला, बटण दाबलं आणि डिस्कऐवजी पेनड्राइव्हवरून सुरू हो असं मशीनला सांगणारी की दाबून धरली. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी सरसर पळाल्या. भाऊ एक पाऊल मागे सरकले. मग पडदा उजळला, हिरवा डोंगर आला, खाली नीट मांडलेली चित्रं आली.

“बाई गं, चालू झालं!” वैशाली खुर्चीतून उठलीच.

मी तिला म्हटलं, तूच चालव. ती बिचकली, पण माऊस हातात घेतल्यावर बिचकणं संपलं. फोल्डर फोल्डरसारखंच होतं, क्लिक क्लिकसारखंच. तिनं स्वतःहून डिस्क शोधली, दोनदा क्लिक केलं आणि आतलं सगळं जसंच्या तसं समोर! लग्नं, बारशी, तेरव्या, वास्तुशांती. वरतीच नाव होतं, ‘इंगळे सर फायनल’.

“भेटली सर, तुमची पत्रिका भेटली!” भाऊ टाळी वाजवता वाजवता राहिले.

आधी मी सगळ्या फायलींची प्रत दुसऱ्या पेनड्राइव्हवर घेतली. मग ती फाइल लिनक्समधल्या डिझाइनच्या मोफत प्रोग्रॅममध्ये उघडली. तो प्रोग्रॅम दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फायली उघडतो, पण जरा आपल्या मनानं उघडतो. पहिल्यांदा नुसती कचऱ्यासारखी अक्षरं दिसली, कारण भाऊंचे मराठी फॉन्ट लिनक्सकडे नव्हते. ते डिस्कवरून उचलून टाकले. आता जमणारच, अशी माझी खात्री होती. आणि मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले, “या सर, बघा तुमची पत्रिका.”

सर उठून आले. वैशालीनं क्लिक केलं.

पडद्यावर जे आलं ते मी जन्मात विसरणार नाही. सगळ्यात वर ‘नमो बुद्धाय’ होतं, आणि त्याच जागी, त्याच्याच अंगावर, ‘श्री गणेशाय नमः’. प्रज्ञाच्या नावाच्या खाली आणखी कोणी तरी पूजा, तिच्याखाली आणखी कोणी तरी अश्विनी. एका वधूशेजारी तीन-तीन वर उभे. मंगल परिणयाच्या ओळीत गोरज मुहूर्त घुसलेला. कोपऱ्यातून कोणाची तरी भाची ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’ म्हणत होती. इथं तर लग्न मुलीकडचं होतं.

मला क्षणभर वाटलं लिनक्सनं फायली एकमेकींत मिसळल्या. मग वैशालीचा ओशाळलेला चेहरा पाहिला आणि कळलं की यात लिनक्सचा काही दोष नाही.

आमच्याकडच्या प्रेसवाल्यांची ही पद्धतच आहे. नवी पत्रिका कोऱ्या पानावर कोणी करत नाही. मागच्या गिऱ्हाइकाची फाइल उघडायची. त्यातल्या नको त्या मजकुरावर पांढरा चौकोन ठेवायचा आणि चौकोनावर नवा मजकूर. पांढऱ्याला शाई लागत नाही, त्यामुळे छापताना खालचं दिसत नाही. पुसण्यापेक्षा झाकणं लवकर होतं, आणि सराईत वेळ कोणाला असतो? पुढचं गिऱ्हाईक आलं की पुन्हा चौकोन. असं करत करत भाऊंच्या एकाच फाइलमध्ये गावातली सगळी लग्नं एकावर एक रचली गेली होती. माझ्या मोफत प्रोग्रॅमला त्या चौकोनांचा पांढरा रंग तेवढा ओळखता आला नाही. त्यानं ते काचेसारखे आरपार केले.

मला हसू फुटणार होतं. तेवढ्यात सरांकडे लक्ष गेलं.

“गजाननभाऊ,” ते हळू आवाजात म्हणाले, “मी तुम्हाले काय सांगतलं होतं?”

भाऊ शाईच्या डब्याचं झाकण लावू लागले.

“ताई, तुम्हाले माहीत नाही म्हणून सांगतो. मोठ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका इथंच छापली. घरी गठ्ठा सोडला, तं वरती बुद्धवंदनेची ओळ अन् खाली ‘कुलदैवताच्या कृपेने’. कोणाची तरी राह्यलेली. वाटायची तर होतीच. मी अन् तिच्या आईनं बसून एकेका पत्रिकेवरची ते ओळ पेननं खोडली. पोरीच्या लग्नाच्या पत्रिकेवर खाडाखोड.” सर थांबले. “ज्याचं त्याचं दैवत ज्याच्या त्याच्या पत्रिकेवर शोभते, माझा त्याले काही विरोध नाही. पण माझ्या पोरीची पत्रिका दुसऱ्याच्या पत्रिकेवर पांढरं फासून नको. म्हणून यावेळी मी म्हटलं होतं, कोऱ्यावरून करा. तुम्ही हो म्हटलं होतं.”

“सर, सगळेच असं करतात,” भाऊ पुटपुटले. “छापल्यावर दिसलंच नसतं ना.”

हे बोलायला नको होतं. सरांनी पिशवी उचलली. “प्रज्ञा म्हणतच होती, बाबा, छापू नका, मोबाईलवर पाठवा. तिचंच बरोबर आहे.”

ते दारापर्यंत गेले. पायात चप्पल घातली. मला भाऊंचा राग आला, माझा स्वतःचाही आला, कारण ‘या, बघा’ म्हणून मीच त्यांना बोलावलं होतं. आणि त्याहून जास्त वाईट याचं वाटलं की हा माणूस तोंडानं एक वाकडा शब्द न बोलता चालला होता.

“सर, थांबा,” मी जवळजवळ ओरडलेच. “आता करू. कोऱ्यावरून. तुमच्या डोळ्यांसमोर.”

“उद्या सकाळी गाडी आहे ताई.”

“म्हणूनच म्हणते, बसा.”

ते बसले नाहीत, पण गेलेही नाहीत. दारात उभे राहिले. मी ती फाइल बंद केली आणि नवीन पान उघडलं. पांढरं, रिकामं, खाली काहीही नसलेलं. वैशालीनं बोटं कीबोर्डवर ठेवली, दोन अक्षरं मारली आणि माझ्याकडे बघितलं. इंग्रजी उमटत होतं.

वैशाली माहेरी असताना टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये मराठी टाइपरायटरवर शिकलेली. कोणतं अक्षर कुठं, ते तिच्या बोटांना पाठ. आपण मोबाईलवर इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहितो तसं तिला एक ओळ लिहायला लावली असती, तर संध्याकाळ तिथंच झाली असती. मी मोबाईलचं नेट जोडलं आणि लिनक्समध्ये मराठीचे कोणकोणते कीबोर्ड मिळतात ते शोधायला लागले. एक, दुसरा, तिसरा. आणि मग दिसलं, ‘रेमिंग्टन’. तिच्या टाइपरायटरचीच मांडणी! कोणीतरी, कुठंतरी, एक रुपया न घेता, जुन्या टाइपरायटरवाल्यांसाठी ती बनवून ठेवली होती. त्याला काय माहीत की अमडापुरात एका बाईचं तिच्यावाचून अडणार आहे.

ती उतरवून घेतली. “मार आता,” मी म्हणाले.

वैशालीनं डोळे मिटल्यासारखे केले आणि बोटं सोडली. ‘नमो बुद्धाय’. टकटकटक. ‘मंगल परिणय’. एकही अक्षर चुकलं नाही.

“ताई! हे तं माह्याच हातचं आहे!” ती अशी ओरडली की बाहेर पानटपरीवरची माणसं आत डोकावली. मलाही राहवलं नाही, मी तिच्या पाठीवर धपाटा घातला. भाऊंचा जीव भांड्यात पडला असावा, कारण त्यांनी पहिल्यांदा चहा सांगितला.

सर चप्पल काढून आत आले. स्टूल ओढून वैशालीच्या शेजारी बसले आणि मजकूर सांगू लागले. सांगायची पद्धत अजून वर्गातलीच. अर्धी ओळ सांगायची, थांबायचं, मग उरलेली. वैशालीला त्यांच्या घरच्या पत्रिकेचे शब्द माहीत होते. वारलेल्या माणसापुढे ‘कै.’ नाही, ‘कालकथित’. वधूपुढे ‘आयु.’, म्हणजे आयुष्मती. ती विचारत नव्हती, टंकत होती, आणि सर मान हलवत होते.

अर्ध्याच्या वर झालं आणि लाईट गेली.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या लिनक्सची एक गोम आहे. जे काम चालू असतं ते सगळं तात्पुरतं असतं. मशीन बंद पडली की पाटी कोरी. टेबलाखालचा यूपीएस किंचाळायला लागला. त्याची बॅटरी म्हातारी झालेली.

“सेव्ह कर, सेव्ह!”

“केलं ना ताई,” वैशाली शांतपणे म्हणाली. “ओळीओळीले करतो मी. आपल्याइथं लाईटीचा काय भरोसा?” तिनं ते दुसऱ्या पेनड्राइव्हवर ठेवलेलंही होतं. यूपीएस मरायच्या आत आम्ही मशीन नीट बंद केली, चहा प्यायलो. लाईट आली तशी पुन्हा सुरू केली. कीबोर्डची मांडणी परत उतरवावी लागली, फाइल मात्र होती तिथंच होती. भाऊ मध्येच म्हणाले, “सर, त्या वेळचं ते... खाडाखोडीचं. तुम्ही मले काऊन नाही सांगतलं?” सर म्हणाले, “सांगून शाई निघते काय?” भाऊ त्यानंतर बराच वेळ पत्रिकांचे गठ्ठे उगाच सरळ करत राहिले.

मजकूर पूर्ण झाला. वैशालीनं तो पानावर बसवला. खाली चांगली ऐसपैस जागा उरली होती.

“एक नाव वाढवता येईल काय?” सरांनी विचारलं. आवाज जरा बदलला होता. “मागच्या वेळी भाऊ म्हणाले होते, चौकटीत बसत नाही.”

भाऊ म्हणाले, “वाढवा सर. पायजे तेवढी वाढवा.”

“माह्या आईचं. तिनं दुसऱ्याच्या वावरात निंदण करून मले मास्तर केलं. तिचं नाव कशावर छापलेलं मी कधी पाह्यलं नाही.”

वैशालीनं टंकलं, ‘कालकथित सखुबाई किसन इंगळे’. मग कोणी काही न सांगता तिनं ते खालून उचललं आणि वर, आजी-आजोबांच्या ओळीत, सगळ्यांच्या आधी नेऊन ठेवलं. सरांनी चष्मा काढून पुसला. मी प्रिंटरकडे वळले.

“ताई, प्रिंटरची सीडी हरवली आहे बरं,” भाऊ घाबरत म्हणाले. विंडोजमध्ये नवा प्रिंटर ओळखायला त्याचं छोटं सॉफ्टवेअर टाकावं लागायचं, त्याची ती सीडी. मी वायर जोडली. पडद्याच्या कोपऱ्यात चिठ्ठी आली की प्रिंटर तयार आहे.

“सीडी?” भाऊ.

“नाही लागली.”

“पासवर्ड, नंबर, काहीच नाही?”

“काहीच नाही.”

भाऊंनी पेनड्राइव्हकडे पुन्हा एकदा पाहिलं. या वेळी चेहरा निराळा होता.

ट्रेसिंग पेपरवर मजकूर आला. पहिला जरा लहान आला, माप दुरुस्त केल्यावर दुसरा बरोबर बसला. त्यावरून भाऊंनी जाळीवर अक्षरं उतरवली. जाळीची ही छपाई सोपी असते. जाळी पत्रिकेवर ठेवायची आणि रबरी पट्टीनं शाई ओढायची. जिथं अक्षर तिथूनच शाई खाली जाते. पहिली पत्रिका भाऊंनी स्वतः ओढली. कडेला पिंपळपानाचं सोनेरी चित्र, मधे गडद निळी अक्षरं.

त्यांनी ती दोन्ही हातांनी सरांना दिली. सरांनी ती खिडकीशी नेली आणि वरपासून खालपर्यंत सगळी वाचली. तोंडानं, हळू, प्रत्येक नावावर थांबत. मग पत्रिका उलटी करून उजेडात धरली, खालून काही दिसतंय का ते पाहिलं. काही नव्हतं.

“यात दुसऱ्या कोणाचं काहीच नाही,” ते म्हणाले. “सगळं माह्या घरचं आहे.”

भाऊंनी मान खाली घातली आणि दुसरी पत्रिका ओढली. संध्याकाळ व्हायच्या आत गठ्ठा बांधून तयार होता. सकाळी जीप वेळेवर निघाली.

सराई संपल्यावर मी प्रेसच्या मशीनवर लिनक्स कायमचं टाकून दिलं. आता वैशाली नवी पत्रिका कोऱ्या पानावरूनच सुरू करते. कुठं अडलं की मला फोन करते, पण हल्ली तिचे फोन कमी होत चाललेत. याचं मला कौतुकही वाटतं आणि धंद्याच्या दृष्टीनं काळजीही.

मी त्या दिवसावरून एक धडा घेतला. गिऱ्हाइकाला ‘या, बघा’ म्हणण्याआधी फाइल आपण एकटीनं उघडून बघायची. पण त्या दिवशी मी आधी बघितलं असतं, तर चौकोन गुपचूप पांढरे करून दिले असते. सर पैसे देऊन, नमस्कार करून, तीच पत्रिका घेऊन गेले असते आणि सखुबाईंचं नाव कशावरच छापलं गेलं नसतं. म्हणून धडा मी पाळते खरा, पण मनापासून नाही.